पटासमोर बसून राहिलेला सुलतान

वरवंडहून पुण्याच्या कॉलेजात जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तुमची सकाळ ठरलेली आहे. कडेठाण नाहीतर पाटस स्टेशन गाठायचं, गाडी चुकली तर हायवेला येऊन एसटीला हात करायचा. बसायला जागा मिळाली की खिशातून मोबाईल काढायचा आणि तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव सुरू. हडपसर येईपर्यंत दहा-बारा डाव सहज होतात. सहा जिंकले, सहा हरले. रेटिंग सोमवारी हजार असतं, शनिवारी पुन्हा हजार. वर्ष सरलं तरी आकडा जागचा हलत नाही.

मग कट्ट्यावर एक वाक्य हमखास येतं. आपल्याकडे कोच नाही, क्लास नाही, पुण्यात राहिलो असतो तर कुठच्या कुठे गेलो असतो. हे वाक्य खोटं नाही. पण ते अर्धंच खरं आहे. कुठलं अर्धं खरं आणि कुठलं आपण सोयीसाठी धरून बसलोय, हे समजून घ्यायचं असेल तर तुम्हाला एका खेडेगावातल्या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. त्याचं नाव मीर सुलतान खान. तो पुस्तकं न वाचता जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसला. तिथे तो जेमतेम पाच वर्षं टिकला. वर कसा गेला हे जितकं शिकण्यासारखं आहे, तितकंच पुढे का थांबला हेही.

खेळ तोच, नियम वेगळे

पंजाबात मिठाच्या डोंगररांगांच्या पायथ्याकडे मिठा टिवाना नावाचं गाव आहे. आज ते पाकिस्तानात येतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुलतान तिथे जन्मला. वडील धार्मिक वृत्तीचे, गावात मान असलेले. सुलतान नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याच्यासमोर पट मांडला. त्या घरात बुद्धिबळ खेळलं जायचं, पण तुम्ही मोबाईलवर खेळता ते नव्हे. ते होतं देशी बुद्धिबळ.

देशी म्हणजे काय, हे घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. महाराष्ट्रातही अनेक वाड्यांत, पारावर, देवळाच्या ओसरीवर तसंच खेळलं जायचं. प्रांतागणिक थोडा फरक असे, पण ढोबळ नियम असे: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, दोन घरांची मुभा नाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही त्याला शह बसण्याआधी. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा थेट वजीर होत नाही. ज्या घरात ते पोचलं, ते घर मुळात ज्या मोहऱ्याचं, तो मोहरा ते होतं. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती.

नियम बदलले की खेळाचा स्वभाव बदलतो. प्यादी एकेक घर सरकणार म्हणजे दोन्ही सैन्यं समोरासमोर यायलाच वेळ लागणार. सुरुवातीच्या चाली पाठ करून समोरच्याला पंधराव्या चालीला गुंडाळायची सोय नाही. डाव खरा रंगतो तो मध्यावर आणि शेवटी. तिथे मोहऱ्यांची जागा बघायची, एकेक प्यादं जपायचं आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघायची. असा खेळ लहानपणापासून खेळलेल्या मुलाच्या अंगात काय मुरेल? धीर आणि शेवटच्या टप्प्याची समज. काय मुरणार नाही? सुरुवात. हे लक्षात ठेवा. सुलतानच्या पुढच्या साऱ्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी दिसत राहतात.

जाता जाता एक मुंबईची नोंद. देशी आणि विलायती खेळातला हा पूल बांधायचा प्रयत्न सुलतानच्या शंभर वर्षं आधी झाला होता. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृतातून केलेलं आणि युरोपीय नियमांना जुळवून घेतलेलं. त्यात मुख्यतः पटावरच्या अवघड स्थिती दिल्या होत्या, शिकणाऱ्याने त्या मांडून सोडवाव्यात म्हणून. म्हणजे आज तुम्ही ॲपवर जी 'पझल्स' सोडवता, तसलाच प्रकार दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत छापील रूपात होता. सुलतानच्या हाती मात्र असं काही नव्हतं. त्याच्याकडे पट होता, समोर बसणारी माणसं होती आणि भरपूर वेळ होता.

एकविसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत

विशीत येईपर्यंत तो पंजाबातला सगळ्यात तगडा खेळाडू मानला जाऊ लागला. त्या भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांना बुद्धिबळाचा नाद होता. त्यांनी सुलतानला आपल्या आश्रयाला घेतलं. राहायला जागा, खर्चाला पैसे आणि एक काम: विलायती नियमांचं बुद्धिबळ शिकायचं.

आता हे तुमच्यावर आलंय अशी कल्पना करा. बारा वर्षं ज्या खेळात तुमचं नाव झालं, त्याचे नियम बदलले. प्यादं दोन घरं जातंय. राजा किल्ल्यात लपतोय. प्यादं पोचलं की थेट वजीर, म्हणजे शेवटच्या टप्प्याचं सगळं गणित नव्याने मांडायचं. आणि समोरची मंडळी हाच खेळ पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांतून शिकत आलेली. त्या खेळावरचं लेखन इंग्रजीत, जर्मनीत, रशियनमध्ये. ते सगळं सुलतानच्या वाटेबाहेर.

त्याने केलं काय? पट मांडला आणि नव्या नियमांनी खेळत राहिला. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धेत तो उतरला. नऊ डाव, आठ विजय, एक बरोबरी, एकही हार नाही. नवे नियम हाताशी येऊन उणीपुरी दोन-तीन वर्षंच झाली होती.

शेवटचा नंबर, मग पहिला

१९२९ च्या वसंतात सर उमर राजकीय कामासाठी लंडनला निघाले आणि सुलतानला सोबत घेऊन गेले. तिथे त्याला सराव मिळावा म्हणून एक छोटी स्पर्धा भरवली गेली. भारताचा विजेता काय करतो, हे बघायला लंडनचे खेळाडू उत्सुक होते. सुलतान शेवटच्या क्रमांकावर आला, आणखी एकाच्या बरोबरीने.

कारण उघड होतं. पहिल्या दहा-बारा चालींतच तो अडचणीत यायचा. समोरचा जे पुस्तकात वाचून आलेला असायचा, ते सुलतानला पटावर बसून शोधून काढावं लागायचं. घड्याळ चालू, थंडी कडाक्याची, आजूबाजूला न कळणारी भाषा.

इथे गोष्टीला वळण मिळतं ते दोन माणसांमुळे. विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स. दोघेही इंग्लंडचे पट्टीचे खेळाडू, आणि येत्या ब्रिटिश स्पर्धेत त्याचे प्रतिस्पर्धी ठरू शकतील असे. तरी ते त्याच्याबरोबर बसले. सुरुवातीच्या चालींचं जे किमान ज्ञान लागतं ते त्याला पटावर, हाताने मोहरे हलवून दाखवलं. ही मदत काही आठवड्यांचीच होती. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुलतान खान पहिला आला.

शेवटून पहिला आणि मग पहिला, मध्ये फक्त काही आठवडे. यात चमत्कार शोधू नका. नीट बघितलंत तर हिशेब सरळ आहे. डावाचा मध्य आणि शेवट त्याच्याकडे आधीपासून होता. तो त्याने स्वतःच्या डोक्याने, वर्षानुवर्षं बसून कमावला होता. कमी होती ती फक्त सुरुवातीची. ती थोडीशी भरून निघाली आणि बाकीचं सगळं कामाला लागलं. उलटा प्रकार मात्र कधी होत नाही. सुरुवातीच्या वीस चाली पाठ आहेत पण एकविसाव्या चालीला काय करायचं हे कळत नाही, अशा खेळाडूला काही आठवड्यांत कोणीही विजेता करू शकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रकार हा दुसरा आहे. यूट्यूबवर ओपनिंगचे व्हिडिओ बघून आपण डाव छान उघडतो आणि मग चाचपडत बसतो.

कापाब्लांकाच्या समोर

काही महिने मायदेशी राहून १९३० च्या मे महिन्यात सुलतान पुन्हा युरोपात आला. पुढची साडेतीन वर्षं बघा. हॅम्बर्गच्या ऑलिंपियाडमध्ये तो इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर खेळला. भारत तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होता, म्हणून मिठा टिवानाचा माणूस इंग्लंडकडून. पहिला पट म्हणजे प्रत्येक देशाच्या सर्वांत बलवान खेळाडूशी गाठ. सतरा डावांत नऊ विजय, चार बरोबरी, चार पराभव. त्याच वर्षी बेल्जियममध्ये लिएजच्या स्पर्धेत तो दुसरा आला.

वर्षाअखेरीस हेस्टिंग्जची स्पर्धा होती. समोर होसे राऊल कापाब्लांका. क्यूबाचा हा माणूस तीन वर्षांपूर्वीपर्यंत जगज्जेता होता आणि त्याला हरवणं ही वर्षातून एखाद-दुसऱ्यालाच जमणारी गोष्ट होती. सुलतानने पांढऱ्या मोहऱ्यांनी पाचव्या चालीला कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. दिसायला अगदी साधी, जवळपास वेळकाढू चाल. पण त्या मांडणीत ती किती उपयोगी आहे हे जगाला खूप नंतर नीट कळलं. आज ती पद्धत पेट्रोस्यान आणि कास्पारोव या दोन जगज्जेत्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे डाव हळूहळू आवळत गेला. पासष्टाव्या चालीनंतर कापाब्लांकाने हार मान्य केली. घाई नाही, आतषबाजी नाही. देशी पटावर शिकलेला धीर तिथे उपयोगी पडला.

जानेवारी १९३१ मध्ये तार्ताकोवरशी बारा डावांचा सामना झाला. सावियेली तार्ताकोवर म्हणजे चालतं-बोलतं ग्रंथालय, बुद्धिबळावर पुस्तकं लिहिणारा विद्वान खेळाडू. सामना सुलतानने साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. पुस्तक न वाचणाऱ्याने पुस्तक लिहिणाऱ्याला हरवलं, असं म्हणायला छान वाटतं. पण गुणांतला फरक बघा, फक्त एकाचा. तार्ताकोवरचं ज्ञान फुकट नव्हतं, सुलतानला प्रत्येक डावात त्याची किंमत मोजावी लागत होती.

त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये पुन्हा पहिला पट. सतरा डावांत आठ विजय, सात बरोबरी आणि फक्त दोन पराभव. त्यात फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांच्यावर मात, आणि तेव्हाचा जगज्जेता अलेखाइन याच्याशी बरोबरी. १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्याच्याकडेच. चार वर्षांच्या मुक्कामात तीन वेळा ब्रिटिश विजेता.

या सगळ्यात त्याची तब्येत साथ देत नव्हती. हिवतापाने तो वारंवार आजारी पडायचा. इंग्लंडच्या हवेत सर्दी आणि घशाचे विकार पाठ सोडत नसत. कित्येकदा तो गळ्याला पट्ट्या गुंडाळून खेळायला यायचा. चेहऱ्यावर मात्र काहीच दिसायचं नाही. डाव जिंकतोय की हरतोय, हे समोरच्याला त्याच्याकडे बघून कळत नसे.

निर्णय कोणाचा?

इथपर्यंत ही गोष्ट मेहनतीच्या फळाची आहे. आता तिचा दुसरा भाग.

सुलतान कुठे खेळणार, किती दिवस राहणार, कधी परतणार, हे सुलतान ठरवत नव्हता. ते सर उमर ठरवत. त्या काळच्या इंग्रजी लेखनात त्याला सरसकट 'नोकर' म्हटलं गेलं. सर उमर यांच्या घरच्या मेजवानीत जेवण वाढायला सुलतानच आला आणि पाहुणे खेळाडू ओशाळले, असा किस्सा पुस्तकांतून फिरत राहिला. त्याच्या घरातल्या पुढच्या पिढीने हे चित्र ठामपणे नाकारलंय. आपलं घराणं प्रतिष्ठित होतं आणि इंग्रजी लेखकांनी त्याला उगाच गरीब, अडाणी रंगवलं, असं त्यांचं म्हणणं. किश्शातलं खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. परदेशात राहून खेळायला लागणारा पैसा त्याचा स्वतःचा नव्हता.

त्याच घरातून आलेली आणखी एक खेळाडू होती, तिचा उल्लेख नेहमी राहून जातो. मिस फातिमा. सुलतान जसा पुरुषांत, तशी ती १९३३ साली महिलांत ब्रिटिश विजेती झाली. म्हणजे त्या वर्षी ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदं एकाच पंजाबी घराच्या आश्रयातल्या दोन माणसांकडे होती.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर मायदेशी परतले. सुलतानही परतला, फातिमाही. फातिमाचं नाव त्यानंतर पटावर दिसत नाही. सुलतान आणखी थोडा खेळला. १९३५ साली त्याचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांच्या वाट्याला दहांतून एक बरोबरी आली, बाकीचे नऊ डाव सुलतानने घेतले. आपल्या मराठी आडनावाचा हा सपशेल पराभव सांगताना थोडं अवघडायला होतं. पण त्यातून कळतं ते हे, की सुलतानचा खेळ उतरला नव्हता. तो पूर्ण भरात होता. फक्त खेळायला जागा उरली नव्हती. भारतात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं आणि युरोपात जायला तिकीट नव्हतं.

पुढे तो आपल्या गावाकडच्या थोड्याशा जमिनीवर राहिला. मुलांना त्याने बुद्धिबळ शिकवलं नाही. याहून उपयोगी काहीतरी करा, असं तो सांगे, ही आठवण त्याच्या थोरल्या मुलाने सांगितलेली आहे. १९५० साली जागतिक संघटनेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर हा किताब दिला. त्या पहिल्या यादीत रुबिनस्टाइनसारखे कधीचेच खेळणं थांबवलेले जुने दिग्गजही होते, ज्यांना सुलतानने हरवलं होतं. सुलतानचं नाव नव्हतं. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्यात क्षयाने त्याचा मृत्यू झाला. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्याला मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृत्यूनंतर जवळपास अठ्ठावन्न वर्षांनी.

मग कोच हवा की नको?

आता कट्ट्यावरच्या त्या वाक्याकडे परत येऊ. संधी नसते, हे खरं आहे. सुलतानएवढा माणूस संधी संपली तेव्हा थांबला. तेव्हा मेहनत केली की सगळं मिळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वरवंडच्या मुलीला स्पर्धेसाठी परराज्यात जायचं तर रेल्वेचं तिकीट, राहणं, प्रवेश फी, बुडालेली लेक्चर्स हे सगळं आडवं येतं. ते प्रश्न खरे आहेत आणि एकट्याच्या अभ्यासाने ते सुटत नाहीत.

पण संधी नाही म्हणून खेळ सुधारत नाही, हे मात्र खोटं. सुधारणेचे दोन भाग असतात. एक भाग दुसऱ्यांकडून येतो: पुस्तकं, जुने डाव, ओपनिंगचं ज्ञान, जाणत्या माणसाचे दोन शब्द. सुलतानला हा भाग जवळजवळ मिळालाच नाही आणि तो जन्मभर नडला. दुसरा भाग फक्त स्वतःचा असतो: एका स्थितीसमोर बसून राहणं, इथे काय चाललंय हे आपल्या डोक्याने शोधणं. तो सुलतानकडे काठोकाठ होता. तुमचं नेमकं उलटं आहे. पहिला भाग तुमच्या खिशात आहे. लाखो डाव, फुकट पझल्स, जगातल्या कुठल्याही विजेत्यापेक्षा बलवान इंजिन. दुसऱ्या भागासाठी तुम्ही दिवसातली वीस मिनिटंही देत नाही.

दोन्ही भाग एकत्र आले तर काय होतं, याचं उदाहरण म्हणून बॉबी फिशरकडे बघा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला हा मुलगा ग्रंथालयातली बुद्धिबळाची पुस्तकं वाचून संपवायचा. उत्तम डाव रशियन मासिकांत छापून येतात हे कळल्यावर ते समजण्यापुरती रशियन शिकला. आणि वाचलेलं सगळं पटावर मांडून एकटा तपासत बसायचा. चौदाव्या वर्षी तो अमेरिकेचा विजेता होता, १९७२ साली जगज्जेता.

तुम्हाला जगज्जेतं व्हायचं नसेल, हजारावरून चौदाशेवर जायचं असेल, तरी रस्ता हाच. सुरुवात अशी करून बघा.

आठवड्यातून एक तरी संथ डाव खेळा. दोघांना अर्धा-अर्धा तास. तीन मिनिटांच्या डावात तुम्ही जे आधीपासून येतं तेच पुन्हा खेळता, नवीन काही शिकायला त्यात वेळच नसतो.

हरलेला डाव वहीत उतरवा आणि इंजिन बंद ठेवून बघा. आपण नेमक्या कुठल्या चालीला गोंधळलो? तिथे मनात काय होतं? ते मराठीत, दोन ओळींत लिहा. त्यानंतरच इंजिन लावा. आधी इंजिन लावलं की उत्तर कळतं, पण आपण का चुकलो ते कळत नाही. महिन्याभराने ती वही चाळा. तीच चूक चार वेळा लिहिलेली सापडेल. तुमचा अभ्यासक्रम म्हणजे ती चूक.

शेवटाकडून शिका. पटावर फक्त दोन राजे आणि एक प्यादं ठेवा. मित्राला समोर बसवा, आळीपाळीने बाजू बदला. प्यादं कधी वजीर होतं आणि कधी बरोबरी होते, हे पाठ न करता खेळून शोधा. मग प्रत्येकी एक हत्ती वाढवा. सुलतानची ताकद इथेच होती.

सुरुवातीच्या चाली टाळू नका, पण त्यात बुडूनही जाऊ नका. पांढऱ्यासाठी एक मांडणी, काळ्यासाठी दोन. पहिल्या आठ-दहा चाली, आणि प्रत्येक चाल का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. सुलतानला काही आठवड्यांत जेवढं मिळालं, तेवढं मिळवायला तुम्हाला एक सेमिस्टर पुरेल.

आणि आपले विंटर आणि येट्स शोधा. कॉलेजच्या संघात, दौंडमध्ये, केडगावात, बाजाराच्या दिवशी पारावर पट मांडून बसणाऱ्यांत, तुमच्यापेक्षा बरं खेळणारं कोणीतरी असतंच. त्यांना महिन्यातून एकदा तुमची वही दाखवा. फी भरून घेतलेला क्लास वेगळा आणि वही घेऊन जाऊन विचारलेले तीन प्रश्न वेगळे. दुसरं जास्त लागू पडतं, कारण प्रश्न तुमचे असतात.

उद्या गाडीत जागा मिळाली की मोबाईल काढाच. पण नवा डाव सुरू करू नका. काल हरलेला शेवटचा डाव उघडा, जिथे घोळ झाला त्या चालीवर थांबा आणि इंजिनच्या बटणाला हात न लावता यवत येईपर्यंत त्या एकाच स्थितीकडे बघत बसा.